उसनी जीभ

अक्का,

मला भीती वाटते. एवढं एक वाक्य तुला कधी बोललो नाही, म्हणून आधी तेच लिहितो. लहानपणी रानात मेंढरांपाशी झोपायची पाळी आली की तू विचारायचीस, "बापू, भ्या वाटतंय का रं?" आणि मी घोंगडीतूनच "न्हाई" म्हणायचो. पन्नाशी आली तरी उत्तर तेच राहिलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, तेव्हा खरं सांगावंसं वाटतंय.

परवा शिक्रापूरची मेस पुन्हा उघडली. तुझं सगळं कार्य उरकल्यानंतर पहिल्यांदा. गॅसची टाकी बदलली, रेग्युलेटर बसवला आणि शेगडी पेटवायच्या आधी हात थांबला. इथून पुढचं काम तुझं असायचं. मी टाकी लावायची, तू वाकून वास घ्यायचा आणि "पेटीव" म्हणायचं. परवा मी वाटीत साबणाचा फेस केला, नळीच्या जोडाला लावला आणि फुगे येतात का ते चष्मा लावून बघत बसलो. फुगे आले नाहीत. तरीही दारं-खिडक्या सताड उघडून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. समोरचा पंक्चरवाला म्हणाला, "काय मामा, आत करमंना व्हय?" मी माझ्याच शेगडीला भिऊन बाहेर आलोय, हे त्याला काय सांगणार?

मला वास येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सुनीतालासुद्धा नाही. बायकोपासून माणूस असली गोष्ट एवढी वर्षं कशी लपवतो, असं कुणी विचारलं तर सांगतो, फार सोपं आहे. जो माणूस मुळातच कमी बोलतो त्याला लपवायला कष्ट पडत नाहीत. शिवाय ती न्हावऱ्याला, म्हशींपाशी आणि उसापाशी. तू आणि मी इथं, मेसच्या मागच्या खोलीत. रविवारी मी मोटरसायकलवर घरी जायचो, ताटात येईल ते खायचो आणि "चांगलं झालंय" म्हणायचो. तिला वाटायचं नवरा गुणाचा आहे, कशाला नावं ठेवत नाही.

कोरोनात आपल्या सगळ्यांचीच चव गेली होती, आठवतं ना? मग एकेकाची परत आली. तुझी आली तो दिवस मी विसरणार नाही. चहाचा घोट घेतलास आणि बशी खाली ठेवून ओरडलीस, "आलं आलं!" मी म्हटलं, "काय आलं?" "आलं आलं रं! चहातलं आलं!" दोघंही पोट धरून हसलो. आठवड्याभरात सुनीताचा फोन आला, कोथिंबिरीचा वास आला म्हणून. मग सगळ्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "माझी बी आली."

आली नव्हती. वाटलं, आज नाही तर उद्या येईल, कशाला गाजावाजा. रांजणगावच्या कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, गावाकडं गेलेली पोरं परतत होती, खोल्या पुन्हा भाड्यानं जात होत्या. अशा वेळी आचाऱ्याचं नाक गेलंय हे कळलं तर कोण ताट धरणार होतं माझ्यापुढं? उद्या येईल म्हणत राहिलो, आणि तो उद्या काही आला नाही.

तू मला पकडलंस ते शेंगदाण्याच्या चटणीवरून. दाण्याचा कूट खवट झाला होता. तू बोटाच्या टोकावर घेऊन लगेच थुंकलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मी त्याच चटणीबरोबर दोन भाकरी खाऊन हात धूत होतो.

"बापू, तुला काय बी लागलं न्हाई?"

"काय लागायचंय?"

तू आत गेलीस. परत आलीस ती पदराखाली काहीतरी झाकून. "डोळं मीट," म्हणालीस. मी मिटले. नाकाशी काहीतरी धरलंस. "सांग, काय हाय?"

मी खूप वेळ श्वास ओढला. आत नुसती हवा जात होती. शेवटी अंदाजानं म्हणालो, "जिरं."

डोळे उघडले तर तुझ्या हातात हिंगाचा डबा होता. हिंगाचा! जो उघडला की शेजारच्या खोलीतली पोरं खिडकीतून ओरडतात. तू डबा लावलास, झाकण दाबून दाबून बसवलंस, आणि कितीतरी वेळ माझ्याकडं पाठ करून उभी राहिलीस. मग म्हणालीस, "कुणाला सांगू नगंस. मी हाय न्हवं."

त्या "मी हाय न्हवं"वर मी पुढची सगळी वर्षं काढली.

आपण शिरूरला नाकाच्या डॉक्टरकडं गेलो होतो. घरी सांगितलं, अक्काचे डोळे दाखवायचेत. त्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. म्हणाला, जिभेला फार थोडं कळतं. गोड, आंबट, खारट, कडू, आणि मटणाच्या रश्शाला किंवा मुरलेल्या आमटीला जी एक भरीव गोडी असते, ती. संपलं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, म्हणजे हा जिऱ्याचा, हा तुपाचा, हे करपलेलं, हे शिळं, ते सगळं नाकाचं काम. घास चावला की त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो, आणि आपल्याला वाटतं जिभेनंच ओळखलं. तुमची जीभ शाबूत आहे, म्हणाला. वरची वाट बंद झालीय.

तू लगेच म्हणालीस, "मंजी तोंडाला मागनं एक दार हाय म्हणा की."

डॉक्टर हसला. "बरोबर मावशी."

"आन् तिखट?"

"तिखट ही चवच नाही. ती आग. कातडीला चटका बसतो तशी."

"ऐकलंस का बापू? पोरास्नी आपण रोज भाजून काढतोय." 

तू गमतीनं म्हणालीस, पण ते खरं होतं. माझ्यापर्यंत पोचणारी तेवढीच एक गोष्ट राहिली होती, म्हणून माझा हात मिरचीकडं वळत होता. बिहारची पोरं कधीची सांगत होती, "मामा, मिर्ची थोड़ा कम करो, ड्यूटी पे पेट जलता है।" मी म्हणायचो, महाराष्ट्रात आलात तर सवय करा.

त्या दिवशी घरी आल्यावर तू एक केलंस. नाक चिमटीत घट्ट धरलंस आणि चिमूटभर जिरं तोंडात टाकून चावलंस. डोळे मोठे झाले तुझे. "काय बी न्हाई रं! भुस्सा चावल्यावानी!" मग चिमूट सोडलीस आणि मागच्या दारानं जिरं आलं असणार, कारण तुझा चेहराच बदलला. तू मला जगात परत आलेल्या माणसासारखी दिसलीस. मग तू पुन्हा नाक धरलंस. गूळ टाकलास, कांदा टाकलास, कोथिंबीर टाकलीस. मी म्हटलं, "पुरं कर की, काय पोरखेळ." तर म्हणालीस, "तू कुठं ऱ्हातोस ते बघून येती."

अक्का, माझ्यासाठी कुणी एवढं केलेलं नाही. हे तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कांदा वाया घालवू नकोस."

डॉक्टरनं रोज वास घ्यायचा सराव सांगितला होता. तू सकाळी सकाळी लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल घेऊन बसायचीस. "लवंग हाय. आयच्या दाढंत असायची बघ, ध्यानात आण." मी आईची दाढ आठवायचो, आईचा गाल आठवायचो, वास काही यायचा नाही. तुझा चेहरा उतरू नये म्हणून एकदा म्हणालो, "जराजरा येतोय." तू देवापुढं साखर ठेवलीस. त्यानंतर मला सराव बंद करायला किती निमित्तं शोधावी लागली!

मग तू ती युक्ती काढलीस. स्वयंपाक झाला की पहिली वाटी तुला. पोरांच्या देखत मी पळीनं थोडं काढायचो आणि म्हणायचो, "अक्काचा निवद." तू चाखून "व्हय" म्हणालीस की वाढायला घ्यायचं. "न्हाई" म्हणालीस की तू आत येऊन कानात सांगायचीस, खोबरं जुनं हाय, डाळ लागली हाय, दूध नासाय टेकलंय. पोरांना मोठी मजा वाटायची. "मामाची देवी जेवल्याबिगर आपल्याला घास न्हाई," म्हणायची. खरंतर उलटच होतं सगळं. देवाचा निवद कुणी चाखत नाही, आणि इथं देवच रोज चाखून सांगत होता, की लोकांना घालायचं का नाही. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवीन पोरगं आलं की जुनी त्याला सांगायची, थांब, आधी देवी. मेसचं नाव झालं त्यानं. कंपनीच्या बसमधून उतरून पोरं सरळ आपल्याकडं यायची. तुझ्या जिभेवर माझं घर चाललं, न्हावऱ्याचं शेतही चाललं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

उन्हाळा संपता संपता तू म्हणायला लागलीस, मीठ कमी हाय. मी वाढवायचो. आणखी कमी हाय. मग म्हणालीस, कडवट लागतंय. मग म्हणालीस, पातेलं बदल, लोखंड चाटल्यावानी लागतंय. मी पातेलं बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका संध्याकाळी बिहारी पोरांनी ताटं तशीच सरकवली. "मामा, आज तो समंदर पिला दिया।" ती गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो.

"तुझं टाळकं फिरलंय का, अक्का? पोरं उपाशी गेली."

"मी काय खोटं सांगती व्हय? अळणीच हाय ते."

"खारट हाय!"

"माझ्या जिभंवर इस्वास न्हाई व्हय तुझा?" तू म्हणालीस. "मग सांग की समद्यांस्नी, नाक न्हाई म्हणून. बघ सोता चाखून."

तू तोंड फिरवून झोपलीस. ते भांडण तसंच राहिलं. आता ते मिटवायलाही कुणी नाही.

पण अक्का, मी चाखलं होतं. त्या दिवशीच नाही, महिनाभर आधीपासून चाखत होतो. माझं नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती. खारट मला कळत होतं. तू अळणी म्हणत होतीस तेव्हा माझी जीभ मला सांगत होती, की मीठ बरोबर आहे. म्हणजे बिघाड आमटीत नव्हता, पातेल्यात नव्हता. तो तुझ्यात होता. बिनचूक जिभेचं माणूस एकाएकी असं चुकायला लागतं तेव्हा काहीतरी झालेलं असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? माझीच जगातली एक वाट बंद झालेली होती.

कळलं होतं. हेच सांगायचंय. मला कळलं होतं आणि मी ते कळू दिलं नाही. कारण तुझी जीभ बिघडली हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न होता, उद्यापासून मेस कशी चालवायची. मी त्या प्रश्नाला भ्यालो. म्हणून तुला म्हणालो, "पित्त झालंय." ओवा दिला, मेडिकलमधून पित्ताच्या पुड्या आणून दिल्या. तू माझ्यावर विश्वास ठेवून त्या घेतल्यास. आणि मी तुझं "मीठ टाक" ऐकून मीठ टाकत राहिलो, म्हणजे तुझी जीभ ठीक आहे असं मला समजता यावं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. एका रविवारी आपण दोघं न्हावऱ्याला गेलो होतो. तू ओट्यावर पडली होतीस. सुनीतानं मला गोठ्याकडं बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, अक्कांच्या तोंडाला वास येतोय. मेंढरं बसवलेल्या रानात सकाळी येतो ना, मुतारीचा, तसा. त्यांना दवाखान्यात दाखवा."

मी तुझ्या शेजारी बसून आलो होतो. गाडीवर तू माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होतीस, तुझा श्वास माझ्या मानेवर होता. मला काहीच आलं नव्हतं. आणि ते सुनीताला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, "तुला माझ्या बहिणीत खोडच दिसायची." 

तिनं त्यानंतर तो विषय काढला नाही.

तुझे पाय सुजले तेव्हा दौंडहून तुझी रेखा आली. पोरीनं आईच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरून येईना. ती त्याच पावली तुला दौंडला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तुला मशीन लावलेलं होतं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, किडन्या बऱ्याच दिवसांपासून जात होत्या. रक्तात घाण साठली की तोंड कडू होतं, लोखंडासारखं लागतं, अन्नाची चव बदलते. तोंडाला उग्र वास येतो. मग त्यानं विचारलं, साधंच विचारलं, रागानं नाही, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का हो?"

रेखा माझ्याकडं बघत होती. मी जमिनीकडं बघितलं आणि म्हणालो, "न्हाई."

त्या एका "न्हाई"ला मी अजून भितो. आधी आणलं असतं तर तू वाचली असतीस का, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. त्यानं "हो" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? आणि "नाही" म्हटलं असतं तरी मला खरं वाटलं नसतं.

शेवटी भेटलो तेव्हा तुझे ओठ कोरडे पडले होते. पाणी मोजून द्यायचं होतं. रेखा ओला कापूस ओठांवरून फिरवत होती. ती औषधं आणायला खाली गेली आणि तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, भांडणाचं काहीतरी बोलशील. तू विचारलंस, "आता चव कोण बघतंय रं?"

"सुनीता बघती," मी म्हणालो.

"सांगितलंस तिला?"

"व्हय."

"काय म्हणली?"

"काय म्हणायचंय. बघती म्हणली."

तू डोळे मिटलेस. केवढी निवांत दिसलीस! "झ्याक झालं," म्हणालीस. "मला त्याचाच घोर लागला व्हता." तू मरायला टेकलेली, आणि घोर माझा. त्यावर मी दिलं काय, तर पुन्हा खोटं. मेस तेव्हा बंद होती. सुनीताला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रेखाचा फोन आला.

दहाव्याला भीमेच्या काठी पिंड ठेवला. रेखा म्हणाली, मामा, आईचा निवद तुम्हीच करा, तिला तुमच्या हातचं आवडायचं. मी केला. पुरण, मेथीची भाजी, तुझ्या आवडीची चवळी. निवदाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळं त्या दिवशी मी आणि बाकीचे आचारी सारखेच होतो. कुणालाच काही माहीत नाही, सगळे हातावर आणि सवयीवर. किती वर्षांनी मी न भिता पळी हलवली. मग वाटलं, तूप खवट असलं तर? मेल्यावरही माझ्या हातून तुला खराबच जायचं.

कावळा येईना. झाडावर बसून होता, खाली उतरत नव्हता. माणसं एकेक करून बोलायला लागली, तशी रीतच आहे. जावई म्हणाले, रेखाला काही कमी पडू देणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, बांधावरनं भांडणार नाही. कावळा तसाच. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. बापू, तू बोल. तुझ्यातच तिचा जीव असणार.

मला माहीत होतं काय बोलायचं ते. सुनीता समोरच उभी होती. "अक्का, मी सुनीताला सांगतो," एवढंच म्हणायचं होतं. मी हात जोडले, तोंड उघडलं. आणि माझा आवाज फुटायच्या आत कावळा खाली आला आणि पुरणाला शिवला. लोक खूश झाले. म्हणाले, भावानं नुसते हात जोडले अन् शिवला बघा, म्हातारीचं मन कशातच अडकलं नव्हतं.

तुझं मन अडकलं नव्हतं, कारण तुला वाटत होतं मी सांगून टाकलंय. तू मला इतक्या सहज सोडून देशील असं वाटलं नव्हतं. सोडायला नको होतंस.

तर परवा. गॅस पेटवला. आदल्या संध्याकाळी चिकन आणून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. रात्री लाईट गेली होती, कधी आली ते माहीत नाही. चिकन धुताना हाताला बुळबुळीत लागलं. मग वाटलं, ते बुळबुळीतच असतं. हळद लावली, मसाला भाजला, रस्सा उकळला. सुनीता चपात्या लाटायला येणार होती, पण तिची एसटी उशिरा. आणि पोरं आली. आपापली ताटं घेऊन बसली. नेहमीचीच पोरं. घरी पैसे धाडणारी, संध्याकाळच्या पाळीला जाणारी. यांच्या आया मला कधी भेटलेल्या नाहीत.

पळी हातात घेतली आणि ती पातेल्यातून वर निघेना. मी चाखलं. मीठ कळलं, आग कळली. बाकी काही नाही. रस्सा चांगला आहे का सडलाय, हे मला मेलो तरी कळणार नव्हतं.

"वाढा की मामा. तर्री बघून जीव चाललाय."

"थांबा जरा."

"देवीबिगर मामाला वाढवंना," एकजण हळूच म्हणाला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. त्यांना वाटलं, मला तुझी आठवण आली. एक पोरगं उठून आलं आणि माझ्या हातातली पळी घ्यायला लागलं. "बसा तुम्ही, आमी घेतो वाढून." मी पळी सोडली नाही.

तेवढ्यात सुनीता दारात आली. पिशवी अजून हातातच होती.

"सुनीता, याचा वास घे आन् सांग."

"काय झालं?"

"खराब हाय का ते सांग. मला कळत न्हाई. मला वास येत न्हाई."

"सर्दी झालीया व्हय?"

"कोरोनापासनं येत न्हाई. काय म्हंजी काय बी येत न्हाई. अक्का बघायची."

सुनीतानं पिशवी खाली ठेवली, पातेल्यावर वाकली, एक फोड हातावर घेऊन तिचा वास घेतला, तोडून खाल्ली. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. तो घास खाली जाईपर्यंत माझा जीव कुठं होता ते सांगता येत नाही.

"चांगलं हाय की," ती म्हणाली.

मग एक पोरगं म्हणालं, "तरीच एवढं तिखट!" आणि दोघं-चौघं हसले. बाकीचे हसले नाहीत. काहीजण जेवले, काहीजण ताट न वाढून घेताच उठले. "मामा, नंतर येतो." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

भांडी घासताना सुनीता जोरजोरात हात चालवत होती. मला वाटलं, एवढी वर्षं लपवलं म्हणून रागावली असेल. अर्धी भांडी झाल्यावर तिचे हात थांबले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजी मी अक्कांच्या तोंडाचं सांगितलं, तवा..."

"व्हय."

"तुम्हाला येतच नव्हता वास."

"न्हाई."

"आन् मला खोड काढती म्हणलात."

"व्हय."

तिनं नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. मी मिठाचं सांगितलं, पित्ताच्या पुड्यांचं सांगितलं, दौंडच्या डॉक्टरला काय म्हणालो ते सांगितलं, तुला शेवटी काय सांगितलं तेही. ती ऐकत होती आणि मी आयुष्यात एवढा कधी बोललो नाही. बोलून झाल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मी तिचं तोंड बघत होतो आणि लहान पोरासारखा घाबरलो होतो. ती रडली, पण माझ्यासाठी नाही. म्हणाली, "मी तरी दुसऱ्यांदा का न्हाई बोलले? रेखाला फोन करायला काय झालं व्हतं मला?" मी तिच्यावरही हे ओझं टाकलं, अक्का. एकाचं दोघांचं केलं. रेखाला अजून सांगायचंय. येत्या रविवारी दौंडला जाणार आहे. ती मला घरात घेईल का नाही, माहीत नाही.

सुनीता न्हावऱ्याला परत गेली नाही. म्हशींचं चुलतभाऊ बघतो म्हणाला. आज सकाळी ती शेगडीपाशी वाकली, वास घेतला आणि तिनंच पेटवली. आमटी झाल्यावर मी सवयीनं वाटी काढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं वास घेतला, घोटभर चाखली.

"डाळ ताजी हाय. फोडणी करपली न्हाई," म्हणाली, आणि वाटी माझ्याकडं परत केली. "मिठाचं तुम्ही सांगा."

"मी?"

"तेवढं कळतं न्हवं तुम्हाला?"

मी घोट घेतला. ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

मीठ बरोबर होतं, अक्का. तेव्हाही बरोबरच होतं.